विनाकारण

सोमवारी दुपारी टेकचंदनं लोखंडी स्टूल मारून खेमराजच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. मंगळवारी सकाळी खेमराजनं डाव्या हातात पेन धरून वॉर्डाच्या वहीत लिहिलं, 'पेशंटने विनाकारण हल्ला केला.' अक्षरं वाट चुकलेल्या मुंग्यांसारखी पानभर पांगली होती. तरी वाचता येत होती, आणि त्यातला एक शब्द वाचून रंजिता सिस्टरनं चष्मा कपाळावर चढवला.

"खेमराजभाऊ, हा शब्द मी या वहीत बंद केला आहे ना?"

"कोणता?"

"विनाकारण."

"मंग काय लिहू, सिस्टर? कारण त्याले माहीत. मले तं फक्त स्टूल दिसलं."

गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक इस्पितळ आहे. नाव घेऊन काय करायचं? त्याच्या मागच्या अंगाला पुरुषांचा मनोरुग्ण वॉर्ड. वीस खाटा, दोन दारं. पुढच्या दाराबाहेर कडुलिंब, मागच्या दाराबाहेर सिमेंटचं आंगण, आणि आंगणापलीकडे मोहाची चार झाडं. चैत्र लागला होता. पहाटे मोहाचा गोड वास खाटाखाटांतून फिरायचा, आणि दहा वाजेस्तोवर उन्हानं त्याची राख व्हायची.

या वॉर्डात खेमराज अकरा वर्षं अटेंडंट होता. मार खाल्ला नव्हता असं नाही. थोबाडीत बसली होती, अंगावर थुंकले होते, एकानं तर खांद्याला चावा घेतला होता. ते सगळं तो घरी जाऊन बायकोला, अल्काला, हसत सांगायचा. या वेळी मात्र त्यानं सांगितलं नाही. भीती चोरासारखी येते म्हणतात. खेमराजकडे ती पाहुणीसारखी आली आणि बसूनच राहिली. कुलूप उघडण्याआधी तो दाराच्या फटीतून आत डोकावून घ्यायचा. पलीकडून पावलांचा आवाज आला की मागं सरकायचा. आणि वहीत एक गोष्ट त्यानं लिहिलीच नव्हती.

टेकचंद बासष्ट वर्षांचा. बांबूसारखा उंच, हातांच्या नसा वडाच्या पारंब्यांसारख्या. दोन महिन्यांपूर्वी आला तेव्हा आठ-आठ दिवस झोपत नव्हता, कानात माणसं भांडतात म्हणायचा. औषधानं ती माणसं गेली. दिवसचे दिवस इतका शांत असायचा की दुसऱ्यांच्या चादरींच्या घड्या घालून द्यायचा. आणि मग एखाद्या दिवशी, कोणाला कळायच्या आत, उठून दाराकडे धावायचा. मध्ये जो येईल त्याला मारायचा. पहिल्यांदा हेमेंद्र, खेमराजचा जोडीदार, सकाळी सात वाजता. दुसऱ्यांदा खुद्द रंजिता सिस्टर, संध्याकाळी. त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं होतं. आणि आता खेमराज, दुपारी एक वाजता. मग त्याला पट्ट्यांनी बांधायचे, आणि सोडलं की तो घामाघूम होऊन खाटेखाली बसायचा. विचारलं तर बोलायचा नाही, फक्त रडायचा.

डॉक्टर इंद्रकुमारांनी मंगळवारीच सांगून टाकलं. शुक्रवारी सकाळी दहा वाजता गाडी येईल, टेकचंदला नागपूरच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं. तिथं बंद खोल्या आहेत, माणसं जास्त आहेत.

बुधवारी पुष्पाबाई आल्या. टेकचंदची बायको. एक दिवसाआड यायच्या. गावाहून कोहमारा, कोहमाऱ्याहून गोंदिया, दोन एसट्या बदलून, डब्यात भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण घेऊन. नागपूरचं ऐकलं आणि त्या दाराशी होत्या तिथंच खाली बसल्या.

"नागपूरले मी कशी येऊ जी? आमच्या गावचे दोघं नेले होते तिकडं. मंग ते फोटोतच राहिले."

खेमराज तेव्हा दाराशीच उभा होता. त्यानं तोंड फिरवलं. मनात म्हणाला, जाऊ दे ना बाप्पा. शुक्रवारी दहा वाजले की सुटलो.

पण सिस्टरनं पुष्पाबाईंना उठवलं, चहा पाजला, तासभर आपल्या खोलीत बसवून घेतलं, आणि मग सरळ डॉक्टरांकडे गेल्या.

"साहेब, एकदा सगळे मिळून बसू."

"सिस्टर, दो महिने से देख रहे हैं उसको."

"पाहिलं, पण ज्यानं त्यानं आपापल्या ड्युटीत पाहिलं. एकत्र कुठं पाहिलं?"

डॉक्टर माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. बोट उचलून म्हणाला, "गुरुवार, अकरा बजे. सबको बुलाओ. पण शुक्रवारची गाडी मी कॅन्सल करत नाही. काही हातात आलं, तरच."

*

गुरुवारी सकाळपासून लाइट नव्हती. सिस्टरच्या खोलीत टेबलाभोवती पाच खुर्च्या, डोक्यावर मेलेला पंखा. डॉक्टर एका फाइलीनं वारा घेत होते. हेमेंद्र खिडकीपाशी बसला, खेमराज दारापाशी. सफाईवाल्या सुमनबाई आत आल्या आणि नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून खाली बसल्या.

"वर बसा, सुमनबाई."

"राहू द्या ना जी, इथं थंड हाय."

"खाली बसलेल्याचं बोलणं टेबलावर येत नाही. वर बसा."

सुमनबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या, ती खुर्ची कोणाची तरी परत द्यायची असल्यासारख्या.

सिस्टरनं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून टेबलावर पसरलं. त्यावर तीन रकाने आखलेले : आधी काय झालं, मग काय झालं, नंतर काय झालं.

"हेमेंद्र, तुझ्यापासून."

"मी म्हटलं, चला काकाजी, आंघोळ करून घ्या. त्यानं बादलीच फेकून मारली."

"आंघोळीला नकार," डॉक्टर म्हणाले.

"मी गोळ्यांचा ट्रे घेऊन मागच्या दारापाशी होते," सिस्टर म्हणाल्या. "मला ढकलून दाराची कडी ओढायला लागले."

"औषधाला नकार. खेमराज?"

खेमराजनं पट्टीतल्या बोटांकडे पाहिलं. "मी दार लावत होतो."

"बस. बाहर जाना है उसको. साफ आहे."

सिस्टरनं मान हलवली. "साहेब, आंघोळ रोज असते. गोळ्या दिवसातून दोनदा. दार आपण वीसदा लावतो. मग रोज का नाही मारत? तीनच दिवस का?"

वॉर्डातून कोणाचं तरी एकसुरी गुणगुणणं येत होतं. खेमराजनं घड्याळ पाहिलं. गाडीला तेवीस तास उरले होते.

मग सिस्टरनं टेकचंदचा भरतीचा कागद काढला. "इथं लिहिलंय, व्यवसाय, शेती. काल पुष्पाबाई म्हणाल्या, ते शेतकरी कमी आणि पाणकर जास्त होते. तीस वर्षं."

हे गोंदियातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गावाचा तलाव, त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, आणि पाळीवर दिवसरात्र फिरणारा एक माणूस. पाणी किती चढलं ते तो पाहतो. तलावाच्या पोटातलं पाणी सोडायचं दार, ज्याला तुडूम म्हणतात, ते तो उघडतो आणि लावतो. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आधी पाणी जाईल, कोणाच्या मागून, ते तो ठरवतो. आणि तलाव काठोकाठ भरला की जादाचं पाणी सांडव्यावरून सुखरूप जातं की नाही, हे पाहणंही त्याचंच.

"दोन वर्षांआधी भादव्यात," सिस्टर सांगत होत्या, "हे एका दिवसासाठी लेकीच्या घरी गेले. नातवाचं बारसं होतं. इकडं मासे निसटू नयेत म्हणून कोणीतरी सांडव्यावर जाळं ताणलं, काट्याकुट्या कोंबल्या. त्याच दिवशी वरून पाणी आलं. हे धावत परतले तेव्हा पाळ फुटलेली. माणूस कोणी गेला नाही, पण अर्ध्या गावाची बांधी गाळाखाली गेली. गाव म्हणालं, पाणकर लाडू खात बसला आणि तलाव मेला. तेव्हापासून झोप नाही."

"हे आधी का नाही सांगितलं बाईनं?"

"मीही तेच विचारलं, साहेब. म्हणाल्या, कोणी विचारलंच नाही जी."

खेमराज ऐकत होता आणि त्याला आपली आई आठवत होती. कामठ्याकडची त्यांची तुकडाभर बांधी पाटाच्या अगदी शेपटाला. वरच्यांची शेतं पिऊन झाली की उरलं तर यांना. बाप खांद्यावर फावडं टाकून रात्र रात्र पाटाकडे डोळे लावून बसायचा. आणि धानाची रोपं, म्हणजे परे, रोवायला वाकलेल्या बाया चिखलातून एकीमागून एक पाय काढत गायच्या :

पाणकर दादा रे, सोड पाणी शेपटाले,
माहे परे वाळले रे, ऊन लागे काळजाले.

गाण्यात दादा म्हणायचे आणि गाणं संपलं की शिव्या द्यायचे. पाणकर या जातीवर खेमराजचं प्रेम नव्हतं. पण पाणकर कसा असतो हे त्याला ठाऊक होतं. बाप म्हणायचा, पाणकराचे डोळे झोपतात, कान झोपत नाहीत.

डॉक्टरांनी फाइल खाली ठेवली. "कहानी बहुत दुखभरी है, सिस्टर, मानता हूं. पण सोमवारी दुपारी एक वाजता कोणता तलाव फुटला? बाहेर चाळीसवर पारा आहे. चिमणीला प्यायला पाणी नाही."

सुमनबाई खोकल्या.

"मी बोलू का जी?"

"बोला."

"चुकलं तं हासू नका. सोमवारी मागचं आंगण मले दोनदा पुसा लागलं. वरची टाकी वाहून गेली होती. सिस्टरले ढकललं त्या सांजेले बी तसंच. माह्या चपला भिजल्या, म्हून ध्यानात हाय. आन् हेमेंद्रच्या दिवशी सकाळी सकाळी आली तं आंगणात तळं! मी म्हटलं, हा मनिराम मेला कोठी मेला?"

हेमेंद्र हसला. मग त्याचं हसू अर्ध्यात थांबलं.

मनिरामला बोलावून आणलं. हा पंपवाला. मोटर, टाकी, नळ त्याच्याकडे; वॉर्डाच्या आत त्याचं पाऊल कधी पडायचं नाही, म्हणून या बैठकीला त्याला बोलवावं असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो भांडायच्या तयारीनंच आला.

"माह्यावर कायले येऊन राहिले सगळे? टाकी भरली का पाणी रोखते तो बॉल सहा महिन्यांपासून तुटला हाय. तीनदा सांगितलं. लाइट कवा येते, कवा जाते, देवाले ठावं. मी बटन चालूच ठेवतो. लाइट आली का मोटर सुरू. भरली का बंद करतो."

"आणि तू चहाला गेला असलास तर?"

"तं वाहते थोडीशी. मंग कोणी ना कोणी आवाज देते."

"कोण देतं आवाज?"

मनिरामनं विचार केला. "कोणी नाही देत," तो म्हणाला.

लाइटीचा नेम नाही, म्हणून टाकी वाहायचा नेम नाही. कधी सकाळी सात, कधी दुपारी एक, कधी दिवेलागणीला. सिस्टरनं एकेकाकडे पाहिलं. "पाणी पडल्याचा आवाज तुमच्यापैकी कोणाला ऐकू येतो?"

कोणालाच येत नव्हता. म्हणजे येत होता, पण सहा महिन्यांत तो आवाज त्यांच्या स्वतःच्या श्वासासारखा झाला होता. श्वास कोण ऐकतं?

खेमराजनं मनात हिशेब केला. आता बोललं नाही तर उद्या दहाला गाडी. बोललं तर वहीतलं खोटं उघडं, चौकशी, कदाचित नोकरी. त्याला पुष्पाबाईंचं दाराशी बसणं आठवलं. मग टेकचंदचे जोडलेले हात.

"सिस्टर, मी खोटं लिहिलं."

सगळे वळले.

"त्यानं आधी स्टूल नाही उचललं. आधी हात जोडले. म्हणे, 'सोड गा मले, सांडवा कोंडला, पाळ फुटते.' मी हासलो. म्हटलं, 'कोणती पाळ काकाजी, नवेगावच्या तलावाची का?' तो मले बाजूले सारू लागला, तं मी छातीवर हात देऊन ढकललं. जोरात. तो पडला. डोकं खाटेले लागलं. मंग उठला तं स्टूल घेऊनच उठला."

सिस्टरनं पेन उचललं आणि पहिल्या रकान्यात लिहिलं : हात जोडले. त्याखाली : सांगितलं, पाळ फुटते. लिहिताना कॅलेंडरच्या पानाचा कोपरा वर उचलला गेला, खाली पडला, पुन्हा वर गेला.

खेमराजनं वर पाहिलं. पंखा फिरत होता.

"लाइट कवा आली?"

कोणाला सांगता येईना. बोलण्याच्या भरात पंखा कधी फिरायला लागला कळलंच नव्हतं. मनिरामचं तोंड पांढरं पडलं.

"बटन चालू हाय," तो म्हणाला. "टाकी अर्ध्याच्या वर होती..."

आणि तेव्हाच, सहा महिन्यांत पहिल्यांदा, खेमराजनं तो आवाज ऐकला. छतावरून खाली, सिमेंटवर, आधी धार, मग लोट. उन्हाच्या शांततेत एखादा ओढा अंगावर यावा तसा. लगोलग वॉर्डातून लोखंड लाकडावर आदळल्याचा आवाज आला. एक. दोन. मागच्या दारावर.

*

वॉर्डात एकोणीस माणसं भिंतींना चिकटली होती. मागच्या दारापाशी टेकचंद. दोन्ही हातांत तेच लोखंडी स्टूल, डोळे दारावर, आणि तोंडातून सतत, दम न घेता, "कोंडलं, कोंडलं, कोंडलं." हेमेंद्रनं बांधायचे पट्टे आणले. सिस्टरच्या हातात इंजेक्शनचा ट्रे होता. मनिराम बटनाकडे धावणार, तर खेमराजनं त्याची बाही धरली.

"बंद नको करू."

"पागल झाला का?"

"मांगं तीनदा तसंच झालं असन ना? पाणी कोणी तरी बंद केलं, आन् आपण त्याले बांधलं. त्यानं पाहिलंच नाही का पाणी गेलं कुठं. त्याच्या डोक्यात अजून पाळ फुटूनच राहिली हाय. साहेब, दार उघडू द्या मले."

डॉक्टर कुजबुजले, "दुसरा हात भी तोड देगा, खेमराज."

"मी आडवा नाही जात."

स्टूल पुन्हा दारावर आदळलं. फळी चिरली. डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनं खेमराजकडे. "पाच मिनिटं," डॉक्टर म्हणाले. "मी तुझ्या मागे आहे. आंगणाचं फाटक लावून घ्या."

खाटांच्या मधून चालत जायला पंधरा पावलं लागतात. खेमराजला त्या दिवशी ती मोजता आली असती. चावी डाव्या हातात होती. चार पावलं उरली तेव्हा टेकचंद गर्रकन वळला. स्टूल डोक्याच्या वर गेलं.

खेमराजचे पाय म्हणाले, पळ. त्यानं त्यांचं ऐकलं नाही. तो समोर गेला नाही, बाजूला झाला; पाठ भिंतीला टेकवली, दार मोकळं सोडलं. आवाज आपला वाटेना, पण निघाला.

"काकाजी, सांडवा कोंडला हाय. पाणी चढून राहिलं. मी एकटा हावो, माहा हात मोडला हाय. तुमी चला."

स्टूल हवेत तसंच राहिलं. टेकचंदच्या डोळ्यांत पहिल्यांदा कोणीतरी दिसल्यासारखं काही हललं.

"तुले आयकू येते?" त्यानं विचारलं.

"येते ना जी. आता येते."

"मंग इतके दिवस काऊन नाही आला?"

खेमराजनं हात लांब करून चावी कुलपात घातली. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली. टेकचंदचा श्वास त्याच्या गालावर येत होता, स्टूल अजून वरच होतं. तिसऱ्यांदा कुलूप उघडलं, आणि पांढरंशुभ्र ऊन आत आलं.

स्टूल खाली पडलं. टेकचंद धावला. फाटकाकडे नाही, पाण्याकडे.

छताच्या कडेला आलेल्या पाइपातून धार कोसळत होती. तो तिच्याखाली उभा राहिला, वर पाहिलं, तळहात धारेत धरला, जणू नाडी पाहत होता. मग पाणी कुठं चाललंय ते पाहत पाहत आंगणाच्या कोपऱ्यात गेला. तिथं मोरीची जाळी मोहाच्या पानांनी आणि गुटख्याच्या पुड्यांनी बंद होती. पाणी तिथं अडून, फुगून, वॉर्डाच्या पायरीकडे परतत होतं. टेकचंद गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी चिखल उपसायला लागला.

मनिराम तिकडून ओरडला, "अरे, आधी मोटर तं बंद करा!"

टेकचंदनं मागं न पाहता हात उचलला. "आधी वाट. मंग दार."

खेमराज त्याच्या शेजारी बसला. एका हातानं जमेल तेवढा पाला ओढू लागला. डॉक्टर चार हातांवर उभे होते, सिस्टरचा ट्रे अजून हातात होता. जाळी मोकळी झाली. मोरीनं एक मोठा घुटका घेतला आणि कोंडलेलं पाणी खळखळत खाली गेलं.

"कोणतं गाव तुहं?" टेकचंदनं विचारलं.

"कामठ्याकडचा. आमी शेपटाचे लोक, काकाजी. आमच्यापर्यंत पाणी येता येता धान वाळून जाये."

"मंग तुमचा पाणकर चोर होता. शेपटाले आधी द्या लागते."

"हे आमच्या बाले सांगाले पाहिजे होतं."

टेकचंदनं चिखलाचे हात धुतले. "तुडूम कोठी हाय?"

खेमराजनं भिंतीवरच्या लोखंडी पेटीकडे बोट दाखवलं. तिथं लाल बटन होतं. टेकचंद तिथपर्यंत गेला, बटनावर अंगठा ठेवला, आणि एकदा वर छताकडे, एकदा मोरीकडे पाहून दाबलं. मोटर घरघरली, थांबली. धार बारीक झाली, तिचे थेंब झाले, थेंबांमधलं अंतर वाढत गेलं. शेवटचा थेंब पडून गेल्यावरही तो कितीतरी वेळ कान देऊन उभा होता. मग त्याचे खांदे खाली आले.

परतताना त्याची नजर खेमराजच्या पट्टीवर गेली.

"हे काय झालं गा?"

"तुमीच तं मारलं, काकाजी."

टेकचंदनं वाकून ती बोटं पाहिली. "तू आडवा आला होता."

"आलो होतो. आन् तुमाले पाडलं बी होतं."

"हो," टेकचंद म्हणाला. "मले लागलं होतं."

डॉक्टरांनी ट्रेमधल्या सिरिंजला टोपण लावलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "नागपूरला फोन करतो. पंधरा दिन. फक्त पंधरा दिवस, सिस्टर, आणि औषध एक गोळीही कमी होणार नाही. मनिराम, बॉल उद्याच्या उद्या बसला पाहिजे."

"बसवा," सिस्टर म्हणाल्या. "पण मोटर चालेल तेव्हा यांना इथं उभं राहू द्या. खेमराजभाऊ सोबत राहतील." मग हळू आवाजात, "राहाल ना?"

खेमराजनं चिखलाचा डावा हात पँटला पुसला. "राहीन," तो म्हणाला.

संध्याकाळी सिस्टरनं वही पुढे केली. "तुम्ही ढकललं ते पण यावं लागेल. वरून विचारणा होईल."

"होऊ द्या. मीच लिहितो."

त्यानं 'विनाकारण' वर रेघ मारली. रेघ वाकडी आली. खाली, पांगलेल्या मुंग्यांच्या त्याच अक्षरांत, हात जोडल्यापासून स्टूलापर्यंत सगळं लिहिलं. पाऊण पान भरलं.

*

शुक्रवारी साडेनऊला पुष्पाबाई आल्या. आज डबा मोठा होता, वर एक पिशवी, त्यात नवं धोतर आणि स्वेटर. चैत्रात स्वेटर. नागपूरला किती दिवस ठेवतील कोणाला ठाऊक. गावातल्या एकुलत्या फोनवाल्याकडे सिस्टरनं रात्री तीनदा फोन लावला होता, पण तो लागला नव्हता.

त्या सरळ खाटेपाशी गेल्या. खाट रिकामी. चादरीची घडी उशाशी. पुष्पाबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली.

"नेलं? मले न भेटवता नेलं?"

खेमराज धावत आला. "नाही वो बाई, नाही नेलं. या."

त्यानं मागचं दार उघडलं. चिरलेल्या फळीवर हेमेंद्रनं सकाळीच एक पट्टी ठोकली होती. आंगणात ऊन चढायला लागलं होतं. मोटर चालू होती. टेकचंद भिंतीला कान लावून, पाइपावर तळहात ठेवून उभा होता, आणि मनिराम पेटीपाशी त्याच्या हुकमाची वाट पाहत, तोंड वाकडं करून बसला होता.

पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हाक मारणार, तर टेकचंदनं त्यांच्याकडे न पाहताच बोट वर केलं, थांब म्हणून.

"अर्धी झाली," तो म्हणाला. "डबा सावलीत ठेव. भरली का जेवतो."